चिकटवही, पण डिंकाशिवाय

‘स्क्रॅपबुक’ हा शब्द आपल्याकडे अनेकांच्या कानावर पहिल्यांदा पडला तो ऑर्कुटमुळे. २००४ साली ऑर्कुट सुरू झाले. तिथे एकमेकांना लिहिलेल्या चार ओळी म्हणजे स्क्रॅप, आणि त्या साठायच्या ते स्क्रॅपबुक. २०१४ मध्ये ऑर्कुट बंद पडले आणि तो शब्दही मागे पडला. आपला ‘चिकटवही’ हा शब्द मात्र शाळेच्या दप्तरात टिकून आहे. पिंपळाचे जाळीदार पान, पोस्टाची तिकिटे, वर्तमानपत्रातली कात्रणे, आणि डिंकाने इतकी फुगलेली वही की ती मिटत नाही.

तीच वही आता संगणकावर करतात. कात्री नाही, डिंक नाही. पण रंगीत कागद, फिती, बटणे, टाचण्या, सुकलेली फुले सगळे आहे, चित्ररूपात. या सामानाच्या संचाला ‘किट’ म्हणतात. पान बहुधा बारा इंचांचे चौरस असते. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर ३६०० गुणिले ३६०० पिक्सेल. (व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने आलेल्या फोटोची मोठी बाजू साधारण १६०० पिक्सेल असते. म्हणजे छापताना तो सव्वापाच इंचांपुढे ताणू नये. हे कळेपर्यंत प्रत्येकाचे एक तरी पान धूसर छापून येते.)

ही कला अमेरिकन आहे आणि ती बायकांनी वाढवली, हे आधी सांगून टाकू. मार्क ट्वेनने १८७३ मध्ये आधीच डिंक लावून ठेवलेल्या कात्रणवहीचे पेटंट घेतले होते: पान ओले करायचे आणि कात्रण दाबायचे. पण आजच्या छंदाचे मूळ युटा राज्यात आहे. मॉर्मन पंथात घराण्याच्या नोंदी जपणे हे धर्मकार्यच मानतात. त्या समाजातल्या मॅरिएलन क्रिस्टनसन यांनी १९८० साली सॉल्ट लेक सिटीत भरलेल्या जागतिक नोंदी परिषदेत आपल्या कुटुंबाचे पन्नासएक अल्बम मांडले आणि पुढे या सामानाचे दुकानच काढले. आम्लमुक्त कागदाचा आग्रह तिथून आला. त्याचे कारण आपल्याही कपाटात सापडेल. चिकट पानांवर पारदर्शक प्लॅस्टिक ओढलेले ते अल्बम आठवा. त्यांचा चिकटा पिवळा पडतो, फोटोची पाठ धरतो, आणि सोडवायला गेले की फोटो फाटतो.

पुढे मासिके निघाली, बाजार वाढला. डिजिटल कॅमेरे स्वस्त झाले आणि २००१ मध्ये अ‍ॅडोबीने फोटोशॉपचे ‘एलिमेंट्स’ हे घरगुती रूप काढले, तेव्हा या बायकांनी कात्री ठेवून माऊस हातात घेतला. त्यांना कुणी डिझाइनच्या वर्गाला घातले नव्हते. एकीचे बघून दुसरी शिकली. कुणाचे पान आवडले तर त्याची मांडणी उचलायची, फोटो आपले घालायचे, आणि ‘ही मांडणी अमकीची’ असे खाली लिहायचे. आपल्याकडे ठिपक्यांची रांगोळी अशीच शिकतात. शेजारच्या दारातली रांगोळी वहीत उतरवून घेताना ‘चोरी’ हा शब्द कुणाच्या मनात येत नाही. दोन वर्षे ठिपके मोजल्यावर एखाद्या सकाळी हात ठिपके न मांडताच वळतो. मांडणीचे तयार साचे वापरणाऱ्यांना जाणकार डिझायनर नाक मुरडतात, ते मला म्हणून पटत नाही.

या मंडळींची शिकवण किती बारीक असते ते सावलीवरून कळेल. नवख्याच्या पानावर फोटो, फीत आणि बटण या तिन्हींना प्रोग्रॅमने आयती दिलेली एकच सावली असते, काळीकुट्ट. त्यामुळे सगळे एकाच उंचीवर तरंगते, स्टेजच्या पडद्यावर टाचलेल्या थर्मोकोलच्या अक्षरांसारखे. मग जाणती बाई सांगते, खिडकीपाशी जा, टेबलावर कागद ठेव, कागदावर बटण ठेव आणि बघ. कागदाची सावली केसाएवढी, कडेला बिलगलेली. बटणाची जाड आणि जराशी लांब पडलेली. फितीची टोके टेकलेली आणि पोट उचललेले, म्हणून सावली मध्ये रुंद होते आणि टोकांशी विरते. अशी सावली आयती मिळत नाही; तिचा थर वेगळा काढून हाताने वाकवावा लागतो. तपकिरी कागदावरची सावली काळी नसते, गडद तपकिरी असते. आणि उजेड एका बाजूने येत असेल तर सगळ्या सावल्या दुसऱ्या बाजूलाच पडायला हव्यात. माझ्या सुरुवातीच्या एका पानावर फोटोची सावली उजवीकडे होती आणि फुलाची डावीकडे. ‘तुमच्या पानावर दोन सूर्य उगवलेत,’ एवढेच एकीने लिहिले. त्या एका वाक्याने मला जे शिकवले ते महागड्या अभ्यासक्रमाने शिकवले नसते.

पण अशी वाक्ये फार कमी येतात, आणि माझी मुख्य तक्रार इथूनच सुरू होते.

या छंदाचा अलिखित नियम असा की पानाचे कौतुक करायचे. विचारल्याशिवाय दोष दाखवायचा नाही. त्यामागचे कारण कळते. पानावर कुणाचे गेलेले वडील असतात, कुणाचे सातव्या महिन्यात जन्मलेले बाळ असते. तिथे ‘रंग जमले नाहीत’ कसे म्हणणार? नवखी माणसे या मायेमुळेच टिकतात, हे मी नाकारत नाही. शिवाय त्या कौतुकात थोडा धंदाही मिसळलेला आहे. किट विकणाऱ्या अनेकांच्या ‘टीम’ असतात. टीममधल्यांना किट फुकट मिळते, त्या बदल्यात त्यांनी त्याचीच पाने करून दाखवायची. मग चांगले म्हणणारी मैत्रीण कुठली आणि जाहिरात करणारी कुठली, हे ओळखणे अवघड होते. परिणाम असा की तंत्र कळसाला पोहोचले आणि नजर जिथल्या तिथे राहिली. वीस वर्षांपूर्वीचे पान आणि कालचे पान शेजारी ठेवा. किंचित तिरका फोटो, खालच्या कोपऱ्यात फुलांचा झुबका, मागे फाटक्या कडेचा कागद, वर ‘आनंदाचे क्षण’ अशा अर्थाचे इंग्रजी शीर्षक. बाळ बदलले की पान बदलले.

मराठी हौशी मंडळी या छंदात आली तेव्हा त्यांना किटमध्ये भोपळे, बर्फाचे कण आणि नाताळची झाडे मिळाली. बोरनहाणाच्या पानावर बर्फाचा कण काय कामाचा! गरज पडली म्हणून हात चालला. माझ्या ओळखीतली एक बाई खणाचा तुकडा स्कॅनरवर पालथा घालून त्याचा कागद करते. दुसरीने हलव्याचे दागिने काळ्या कापडावर ठेवून त्यांचे फोटो काढले आणि एकेक दाणा सोडवून पारदर्शक चित्रे केली. त्यात तिचे तीन रविवार गेले. तिच्या बाजूबंदाची सावली खरी वाटते, कारण दाण्याला काटा किती असतो हे तिच्या बोटांना माहीत आहे. विकतच्या कुठल्याही किटपेक्षा मला हे काम वरचे वाटते. पूर्वी रुखवतासाठी जी बोटे राबत, तीच ही.

अक्षरांच्या बाबतीत मात्र सगळा आनंद आहे. आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाला मी फोटोंचे पुस्तक केले. मुखपृष्ठावरचा तो एकच शब्द छापणाऱ्याच्या पानात थेट टाइप केला आणि पुस्तक घरी आले ते ‘चंद्र’चा द पाय मोडून आणि र सुटा पडून. चूक माझीही होती. शब्द आधी चित्र करून मग पाठवायला हवा होता. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत ‘कविता’ लिहिले तर पहिली वेलांटी व ओलांडून पलीकडे जायची. आता ‘वर्ल्ड-रेडी’ मांडणीचा पर्याय निवडला की ती जागेवर बसते, पण तो पर्याय आहे हे सांगणारे भेटत नाही. त्याहून वाईट म्हणजे इंग्रजी धड्यांतून उचललेली सवय: शीर्षक ऐटदार दिसावे म्हणून अक्षरांत अंतर वाढवायचे. रोमनमध्ये ते शोभते. देवनागरीत शिरोरेषेचे तुकडे होतात आणि शब्द पडक्या कुंपणासारखा दिसतो. हिंदी वळणाचे ल आणि श तर आता कुणाच्या डोळ्यालाही खुपत नाहीत. ‘दुसऱ्या’मधला र तुटला तरी खाली पन्नास जण ‘अप्रतिम’ लिहून जातात.

साधन नाही ही सबब आता चालणार नाही. ‘एक टाइप’ने केलेले मुक्त, बलू, मोदक हे फाँट फुकट मिळतात. मुंबईच्या लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला ‘यात्रा’ आहे, हस्ताक्षराच्या वळणाचा ‘कलम’ आहे. आणि परंपरा तर दाराशी आहे. र. कृ. जोशी विंडोजसाठी ‘मंगल’ घडवून गेले. कमल शेडगे यांनी रेखाटलेली नाटकांची शीर्षके वर्तमानपत्रांत पाहत एक पिढी मोठी झाली. नाटकाची प्रकृती अक्षराच्या वळणातच कळायची. अच्युत पालवांच्या कार्यशाळांना गर्दी होते. एवढे असून आपल्या पानावरचे शीर्षक मात्र जो फाँट आधी उघडेल त्यात.

२०१३ मध्ये आलेल्या कॅनव्हाने पान करणे पाच मिनिटांवर आणले. त्याबद्दल मला राग नाही; लग्नपत्रिका आणि मंडळाच्या सूचना त्यामुळे पुष्कळ नेटक्या झाल्या. कृत्रिम बुद्धिमत्ता आता मागेल तसा खणाचा कागदही काढून देते. तो लांबून बरा दिसतो. जवळ जाऊन पाहिले तर त्यातली बुट्टी कुठल्याच मागावर विणता येणार नाही अशी असते.

राहिला मजकूर. कागदी स्क्रॅपबुकाच्या काळात फोटोशेजारी चार ओळी लिहिणे हा कलेचा अर्धा भाग मानत: कोण, कुठे, कधी, त्या दिवशी काय झाले. संगणकावर सजावट इतकी सोपी झाली की ती जागा फुलांनी बळकावली, आणि शेरा देणाऱ्यांनीही मजकूर कुठे गेला हे विचारणे सोडले. मी हे दुसऱ्यांना सांगत नाही. आजीच्या त्याच पुस्तकात १९६८ सालचा एक फोटो आहे: महिला मंडळाचा शिवणवर्ग, एक शिलाई मशीन आणि अकरा बायका. त्या पानावर मी आठवडाभर बसले. रिळातून निघालेला दोरा फोटोच्या कडेने फिरवून खाली सुईत ओवला, दोऱ्याची सावली तीनदा पुसून काढली. आजवर केलेल्या पानांत सर्वाधिक कौतुक त्याचेच झाले. त्या बायका कोण, असे कुणीही विचारले नाही. मला अकरांपैकी चौघींचीच नावे सांगता येतात, आणि ते पान केले तेव्हा आजी शेजारच्या खोलीत होती.