द्राक्षांचा घोस कोणाच्या खांद्यावर?

दोन पुरुष, त्यांच्या खांद्यावर आडवा दांडा आणि दांड्याला लटकलेला द्राक्षांचा भला मोठा घोस. इस्राएलच्या पर्यटन खात्याचे हे चिन्ह आपल्या घरातील पोरासोरांनाही ओळखीचे आहे. मोशे रब्बेनूने कनान देश पाहावयास पाठविलेले ते हेर. हेच हेर अमेरिकेच्या संसदभवनातही आहेत, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल इमारतीत, प्रतिनिधिगृहाच्या बाजूच्या पश्चिम जिन्यावर, इमॅन्युएल लॉइट्झे या जर्मनीत जन्मलेल्या चित्रकाराने १८६१-६२ साली २० फूट उंच व ३० फूट रुंद असे भित्तिचित्र काढले. साम्राज्याची वाटचाल पश्चिमेकडे, असा त्याच्या नावाचा अर्थ. त्याच्या नक्षीदार किनारीत मोशेही आहे आणि द्राक्षे वाहणारे हेरही.

मधले चित्र पाहताच डोळे दिपतात. कापडी छपरांच्या गाड्या, बंदूकधारी पुरुष, थकलेल्या बायका, कड्याच्या टोकावर झेंडा आणि समोर पश्चिमेचा सोनेरी उजेड. पायथ्याशी सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराचे वेगळे चित्र. लॉइट्झे घरी बसून रंगवणारा नव्हता. डोंगर पाहण्यासाठी तो रॉकी पर्वतापर्यंत जाऊन आला होता. माणसांच्या अंगातला शीण त्याने असा उतरवला आहे की घरदार सोडून निघालेल्या कोणालाही तो ओळखू यावा. तेवढ्यापुरते आम्ही त्याचे ऋणी आहोत.

पण चित्र रंगत होते तेव्हा बाहेर काय चालले होते? एप्रिल १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले होते, आणि ते ज्या भांडणातून पेटले ते याच पश्चिमेच्या जमिनीवरून. गाड्यांबरोबर गुलामही जाणार की नाही, हा तो प्रश्न. १८२० साली मिसूरीच्या वेळी नकाशावर रेघ ओढून तो मिटवला. १८४६-४८ च्या युद्धात मेक्सिकोचा मुलूख हाती आला आणि तो पुन्हा उठला. १८५० साली कॅलिफोर्निया गुलामीविना संघराज्यात आले, पण त्याच सौद्यात पळालेल्या गुलामांना धरून परत देण्याचा कडक कायदा झाला. चित्राच्या पायथ्याशी चमकणाऱ्या त्या उपसागराची ही किंमत! १८५४ साली जुनी रेघ पुसून कान्सास व नेब्रास्कातील वसाहतकऱ्यांवरच निवाडा सोपवला, तेव्हा कान्सासात रक्त सांडले. १८५७ साली ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अशा प्रदेशांत गुलामी रोखण्याचा अधिकार काँग्रेसलाच नाही. यातले काही चित्रात शोधू जाल तर सापडणार नाही. तिथे सारे एकदिलाने सूर्यास्ताकडे चालले आहेत.

एक माणूस मात्र आहे. खाली, जवळजवळ मध्यभागी, एक काळा पुरुष खेचराचा लगाम धरून चालला आहे. खेचरावर गोरी आई व तिचे मूल. १८६१ च्या कच्च्या चित्रात तो नाही. भिंतीवर तो नंतर आला. मधल्या काळात, एप्रिल १८६२ मध्ये, राजधानीतील गुलामी कायद्याने संपली होती. म्हणून काही जाणकार त्याला आशेची खूण मानतात. आम्हांस हे अर्धेच पटते. त्याला जागा मिळाली खरी, पण काम मिळाले ते दुसऱ्याचे खेचर हाकण्याचे.

शिवाय बाजूच्या किनारीत विल्यम क्लार्कचे चित्र सन्मानाने झळकते. १८०४ ते १८०६ च्या त्याच्या मोहिमेत यॉर्क नावाचा त्याचा गुलाम प्रशांत महासागरापर्यंत जाऊन आला होता. परतल्यावर त्याने स्वातंत्र्य मागितले, ते क्लार्कने वर्षानुवर्षे दिले नाही. देश पाहून आलेला खरा हेर तोही होता. त्याला किनारीतही जागा नाही.

आणि मोशे? गुलामांना पळवून नेणाऱ्या हॅरिएट टबमनला तिचे लोक मोशे म्हणत. मिसरातून सुटण्याची कथा त्या लोकांनी आपली मानली होती. लॉइट्झेने ती गाडीवाल्यांना देऊन टाकली. ज्यांच्या वाड्यात गुलाम होते अशांच्याही नावे ती झाली! हेरांनी परत येऊन त्या देशात लोक राहतात हेही सांगितले होते, याची आठवण तर त्या भिंतीवर कुठेच दिसत नाही.

आपल्यापैकी पुष्कळांचे नातलग अमेरिकेत आहेत. वॉशिंग्टनला जाण्याचा योग आलाच, तर त्या जिन्यापाशी झेंड्याकडे नंतर पाहावे, आधी खेचराकडे.