साचा आणि निवेदन

एकांकिका स्पर्धांचे दिवस आले की ठाणे, डोंबिवली आणि कल्याण येथील महाविद्यालयांत संध्याकाळी तालमी सुरू होतात. ठाण्याचे गडकरी रंगायतन १९७८ साली उभे राहिले, तेव्हापासून या बाजूच्या मुलांना मोठा रंगमंचही घराजवळ मिळाला. मला या मुलांचे प्रयोग पाहण्यापेक्षा तालमी पाहणे अधिक आवडते. प्रयोगात जे दिसते ते ठरून गेलेले असते. तालमीत ते कसे ठरले हे कळते. आणि जे ठरते त्याविषयी माझी एक तक्रार आहे.

पात्र उभे करावयाचे म्हटले की मुले आधी साचा शोधतात. दूधवाला म्हणजे भय्या. दुकानदार सिंधी, आणि म्हणून कंजूष. जमीन विकून पैसा आलेला माणूस आगरी; गळ्यात जाड साखळी, आवाज चढा. हशा ठरलेला. एकांकिकेला वेळ थोडा असतो, साच्याने ओळख चटकन पटते, हे मला मान्य आहे. परंतु ही माणसे दूरदेशीची नव्हेत. आगरी तर या खाडीकाठचे मूळचे रहिवासी. आपल्या कितीएक वसाहती त्यांच्या भातशेतीवर उभ्या आहेत. फाळणीनंतर आलेले सिंधी कल्याणजवळच्या लष्करी छावणीत राहिले आणि १९४९ साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले. त्यांची नातवंडे याच वर्गांत, याच बाकांवर बसतात. तालमीत तीही हसतात. मात्र भूमिका वाटताना अशा मुलाच्या वाट्याला बहुधा तोच साचा येतो, आणि ‘तुला काय, सहज जमेल’ असे त्याला वर सांगण्यात येते. त्या वाक्यात त्याच्यातला नट संपतो.

म्हणून साचे रंगभूमीवरून हद्दपार करा, असे मी म्हणणार नाही. तमाशातली मावशी हा साचाच आहे, दशावतारातला संकासुरही साचाच. पण ती सोंगे आहेत हे सर्वांना ठाऊक असते, आणि नट त्यांत रोज नवे बोलतो. १९७२ च्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये पुणेरी ब्राह्मणांची रांगच्या रांग एकाच साच्यातून काढली होती, तीच रांग भिंत होऊन उभी राही. तो साचा खटकत नाही, कारण हा साचा आहे हे दाखवणारा सूत्रधार शेजारी असतो. साचा एकटा सोडला की तो खरा वाटू लागतो. दोष इथे आहे.

यावर तालमीपुरता एक उपाय ब्रेख्तने १९४० साली लिहून ठेवला आहे. नटाने आपले वाक्य तृतीय पुरुषात बोलावे, भूतकाळात बोलावे आणि रंगसूचनाही मोठ्याने म्हणाव्यात. आता आपला दुकानदार घ्या. ‘उधारी बंद!’ हे वाक्य साच्यात सहज बसते. परंतु ‘तो म्हणाला, उधारी बंद, आणि वही मिटताना त्याने गिऱ्हाइकाकडे पाहिले नाही’ असे म्हणताच प्रश्न उभा राहतो: का पाहिले नाही? लाज वाटली? की तोही कुणाचे देणे लागत होता? साच्याला भूतकाळ नसतो. तो नेहमी तसाच असतो. ‘म्हणाला’ या एका क्रियापदाने त्याला कालचा दिवस मिळतो, आणि ज्याला कालचा दिवस आहे तो माणूस होतो. हशा तरीही येतो. मात्र तो जातीला वा बोलीला नव्हे, माणसाच्या अडचणीला येतो.

एवढे मात्र सांभाळावे की हे निवेदन तालमीतच राहावे. हल्ली पुष्कळ एकांकिकांत काळे कपडे घातलेला निवेदक कडेला उभा राहून, प्रवेशाने जे दाखवावयाचे ते सांगून टाकतो. तो स्वतःच एक नवा साचा झाला आहे. सतीश आळेकरांच्या १९७४ च्या ‘महानिर्वाण’मध्ये मेलेला माणूस आपल्याच मरणाचे कीर्तन करतो, तिथे निवेदन काढले तर नाटकच उरत नाही. जिथे निवेदन काढूनही नाटक उरते, तिथे ते काढावे. इमारत पुरी झाली की परांची उतरवतात, तसे.

दिवस थोडे असतात, ही दिग्दर्शकांची अडचण मी जाणतो. पण या कामाला दोन संध्याकाळ पुरतात. आणि पहिल्या संध्याकाळी भूमिकांची अदलाबदल करावी: आगरी मुलाने प्राध्यापक व्हावे, आणि एरवी प्राध्यापक होणाऱ्याने त्या साखळीवाल्याची हकिकत ‘तो म्हणाला’ अशी सांगून पाहावी.