जंताच्या पोटातले गुपित

मेंढीच्या पोटाचा चौथा कप्पा उघडला की हेमॉन्कस कॉन्टॉर्टस या जंताची मादी नुसत्या डोळ्यांना दिसते. लांबी दोन-तीन सेंटीमीटर. रक्ताने भरलेले तांबडे आतडे आणि त्याला पडलेले पांढऱ्या बीजकोशांचे पीळ. विलायती न्हाव्याच्या दुकानाबाहेर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा खांब असतो, त्यावरून हिला ‘बार्बर्स पोल वर्म’ म्हणतात. रोज हजारो अंडी घालणारी ही जात कोकराला पांढरेफटक पाडते. तिच्यावरच्या ‘बार्बरव्हॅक्स’ लशीची सगळी खुबी त्या तांबड्या पट्ट्यात आहे.

जंताच्या कातडीशी मेंढीच्या प्रतिकारशक्तीची रोजची गाठ. तिला चकवायला जंत केव्हाच शिकला आहे. एडिंबराजवळच्या मोरडन संस्थेत डेव्हिड स्मिथ आणि सहकाऱ्यांनी नेम धरला तो त्याच्या आतड्याच्या अस्तरावर. तिथली पाचक प्रथिने मेंढीला एरवी दिसतच नाहीत, म्हणून त्यांना छुपे प्रतिजन म्हणायचे. लस टोचली की मेंढीच्या रक्तात त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. जंत रक्त पितो आणि घोटाबरोबर ती थेट अस्तराला जाऊन चिकटतात. त्याचे पचन बिघडते, मादीची अंडी घटतात. शस्त्र पोचवायचे काम जंताची भूकच करते! लसशास्त्रात इतकी देखणी योजना मला दुसरी ठाऊक नाही.

कारागिरीतला बारकावाही पाहण्याजोगा आहे. हीच प्रथिने प्रयोगशाळेत जिवाणूंकडून वगैरे घडवून पाहिली, पण तसे संरक्षण मिळेना. जंताने त्यांना दिलेली घडी आणि वर चढवलेला शर्करेचा साज हुबेहूब उतरत नाही, असे मानतात. म्हणून पश्चिम ऑस्ट्रेलियात मेंढ्यांच्या पोटातून जंत गोळा करून त्यांतूनच ती काढली जातात. एका मात्रेला अवघे 5 मायक्रोग्रॅम पुरते.

छुपेपणाची किंमतही मोजावी लागते. चरताना पोटात गेलेल्या जंतांमुळे मेंढीच्या प्रतिकारशक्तीची उजळणी होत नाही. त्यामुळे सुरुवातीच्या मात्रांनंतर हंगामभर दर सहा आठवड्यांनी सुई. मेंढपाळाला हे जड जाते, यात शंका नाही. पण लेंड्यांतून पडणारी अंडी कमी झाली की कुरणच हळूहळू स्वच्छ होते आणि पुढच्या कोकरांना त्याचा लाभ मिळतो.

2014 मध्ये ही लस ऑस्ट्रेलियात बाजारात आली. मेंढीच्या पचनमार्गातल्या गोल जंतावर विकत मिळणारी जगातली ती पहिली लस.