समेवर उठणारे शरीर : बाखच्या नृत्यमालिका

योहान सेबास्टियन बाखच्या पाचव्या फ्रेंच सुइटमध्ये गाव्होत आणि बुरे हे दोन नाच एकापाठोपाठ येतात. दोन्ही समसंख्य मात्रांचे, दोन्ही उमेदीचे. नवख्या कानाला ते सख्खे भाऊ वाटतात. फरक आहे उठावाच्या जागेत. गाव्होत अर्धा बार आधी उठतो, बुरे जेमतेम पाव बार. त्रितालात मुखडा नवव्या मात्रेपासून घेतला काय किंवा तेराव्या मात्रेपासून घेतला काय, समेकडे जाण्याची चालच बदलते, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. तरीही पियानोवर हे दोन नाच मला वारंवार एकाच ठोक्यात ऐकू येतात.

यावर ठरलेला युक्तिवाद असा, की या रचनांवर कोणी नाचतच नव्हते. नावे नाचांची, मामला निव्वळ वादनाचा. त्यात तथ्य आहे. पहिल्या पाच फ्रेंच सुइट बाखने पत्नी आना माग्दालेनासाठी १७२२ मध्ये सुरू केलेल्या वहीत सापडतात. म्हणजे घरातले संगीत. ‘फ्रेंच’ हे विशेषणही त्याचे नव्हे. आल्मांद तर तोवर नाचघर सोडून केव्हाच वाद्यावर येऊन बसला होता. पण गाव्होत, बुरे, मिन्युए हे तेव्हाचे जिवंत नाच होते. ऐकणाऱ्यांच्या पायांना ते ठाऊक होते, आणि बाख त्या ओळखीवर विसंबून लिहितो.

ती ओळख आज कुठे शोधायची? फ्येय्ये या नृत्यगुरूने १७०० साली पॅरिसमध्ये नृत्यलेखनाचे पुस्तक छापले. त्यात नर्तकाची वाट एका रेषेने काढलेली असते, तिच्यावर बारच्या खुणा असतात, आणि गुडघा कुठे वाकवायचा, शरीर कुठे उचलायचे याची चिन्हे असतात. त्या शैलीचे मर्म एवढेच, की गुडघा वाकतो बारच्या आधी आणि पहिल्या मात्रेवर शरीर वर उठते. आपल्या कानाची गल्लत नेमकी इथे होते. कथकमध्ये समेवर पाय जमिनीवर पडतो, घुंगरू वाजतात. इथली सम आघाताची नाही, उठण्याची आहे.

हार्पसिकॉर्डला हे आपसूक जमते, कारण त्याला दुसरा इलाज नसतो. तार पिसाच्या टोकाने छेडली जाते. बोट कितीही जोरात मारा, आवाज फारसा वाढत नाही. मग पहिली मात्रा उठून दिसावी म्हणून वादक तिच्या आधीचा सूर किंचित लवकर सोडतो. त्या इवल्या पोकळीत गुडघा वाकतो. पियानोवादकाच्या हाती जोर असतो, आणि तो जोरच आड येतो. साराबांदमध्ये वजन बहुधा दुसऱ्या मात्रेवर रेंगाळते; तिथे पहिलीवर हात आपटला की नाचाचा कणाच मोडतो. ग्लेन गूल्डची लय मला पुष्कळदा घाईची वाटते, पण सूर तोडून वाजवण्याच्या त्याच्या सवयीमुळे पियानोवरही ही पोकळी ऐकू येते. भरघोस पेडल लावून वाजवलेल्या, ‘भावपूर्ण’ म्हणून वाखाणल्या जाणाऱ्या वादनांत ती बुजून जाते.

मिन्युएचे प्रकरण आणखी मजेचे. त्याचे मूळ पदन्यासचक्र सहा मात्रांचे, म्हणजे दोन बारांचे, आणि त्यात पावले चार. बार-बार मोजत वाजवणारा अर्ध्या पावलावरच थांबतो. १७३१ मध्ये एकत्र छापलेल्या सहा पार्तितांपैकी पाचवीत बाख तर नुसते ‘मिन्युए’ लिहीतच नाही; ‘तेम्पो दी मिनुएत्ता’, मिन्युएच्या लयीत, असे लिहितो. तीन मात्रांच्या बारमधले सहा सूर तो तीन-तीनच्या दोन गटांत असे पेरतो, की कान दोन मोजतो आणि पाय तीन. ज्याला मूळ पाऊल ठाऊकच नाही, त्याला इथे चकवाही बसत नाही.