संग्रहालय आणि घर

भायखळ्याच्या राणीच्या बागेंतील वस्तुसंग्रहालय १८७२ सालीं लोकांस खुलें झालें; १९७५ सालीं त्यास डॉ. भाऊ दाजी लाड यांचें नांव मिळालें, आणि जीर्णोद्धारानंतर २००८ मध्यें तें पुन्हां उघडलें. त्यांतील नक्षीदार खांब व सोनेरी वर्खकाम मार्गदर्शक अगत्यानें दाखवितो. पाहणारा हरखून जातो. परंतु मातीच्या लहानग्या पुतळ्यांपाशीं मन अडखळतें. तेथें जाति, पोशाख, धंदे आहेत. नांव असलेला माणूस मात्र नाहीं.

याउलट हिंदमातेपलीकडे, हिंदु कॉलनींत, डॉ. आंबेडकरांनी बांधलेलें ‘राजगृह’ पाहावें. तेथें झगमगाट नाहीं. ग्रंथांच्या सोयीनें रचलेलें घर आहे. पहिली वास्तु इंग्रजी अमदानीनें प्रजेचें वर्गीकरण कसें केलें तें सांगते. दुसरी, त्या वर्गांत न मावणारा मनुष्य कसा राहिला तें. दोन्ही पाहिल्याखेरीज मुंबई पाहिली असें म्हणूं नये.