गाईचे शिंग आणि राणीचा दंड

लस हा विज्ञानाचा विषय आणि चित्र हा रसिकतेचा. या दोहोंची गाठ कशासाठी घालावी, असे कोणी विचारील. परंतु लसीचा इतिहास चाळताना आम्हांला असे दिसते, की आकडे आणि अहवाल उंबरठ्यापाशी पोहोचण्याआधीच चित्र घरात जाऊन बसलेले असते. ते भीतीचे आहे की विश्वासाचे, यावर पुढचे पुष्कळ काही अवलंबून राहते.

एडवर्ड जेन्नरने १७९६ साली गोस्तन-देवीचा द्रव एका मुलाच्या दंडात घातला आणि १७९८ साली आपला प्रबंध प्रसिद्ध केला. त्यानंतर चारच वर्षांनी, १२ जून १८०२ रोजी, लंडनमध्ये जेम्स गिलरेचे व्यंगचित्र विक्रीस आले. मध्यभागी खुर्चीत घाबरलेली एक स्त्री, तिच्या दंडावर शस्त्र टेकवणारा जेन्नर, आणि भोवती लस घेतलेली माणसे. कोणाच्या दंडातून, कोणाच्या नाकातून, कोणाच्या कानातून लहान लहान गाई बाहेर पडत आहेत. भिंतीवर एक तसबीर आहे: सोन्याच्या वासरापुढे लोटांगण घालणारे लोक. निर्गमच्या ग्रंथाशी परिचित असलेल्या आमच्या वाचकांना तिचा अर्थ सांगायला नको. नव्या उपचारावरचा विश्वास हीच नवी मूर्तिपूजा, असा तो टोमणा आहे.

गिलरे लसीचा वैरी होता की भित्र्यांची टर उडवीत होता, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. समीक्षक म्हणून आम्हांला यातच त्या चित्राचे बळ दिसते आणि धोकाही दिसतो. परक्या प्राण्याचे काही आपल्या रक्तात मिसळले तर आपण आपण राहू का, ही अस्पष्ट धास्ती गिलरेने नेमकी ओळखली आणि तिला शिंगे व शेपूट दिले. हसू ओसरले तरी शिंग डोळ्यांसमोरून जात नाही. चित्रकाराचा हेतू कोणताही असो, प्रतिमा त्याच्या हातून सुटली की तिला वाटेल तिथे जाते.

दुसरे चित्र आपल्या देशातले. टॉमस हिकी या आयरिश चित्रकाराने १८०५ च्या सुमारास म्हैसूर येथे तीन स्त्रिया रंगवल्या. दीर्घकाळ त्या नर्तकी किंवा गणिका समजल्या जात. इतिहासकार नायजेल चॅन्सेलर यांनी त्या वाडियार राजघराण्यातील राण्या असल्याचे मत मांडले. उजवीकडची तरुणी पदर किंचित सारून आपला दंड दाखवते आहे, जिथे लस टोचली जाई ती जागा. डावीकडच्या स्त्रीच्या नाकातोंडाभोवती त्वचेचा रंग फिकट आहे. चॅन्सेलर यांच्या मते ती खऱ्या देवीची खपली हुंगवण्याच्या जुन्या पद्धतीची खूण. हे मत सर्वांनी मान्य केलेले नाही. पण ते मानले, तर हे चित्र जुन्या आणि नव्या उपायांना शेजारी उभे करते व कोणालाही हिणवत नाही.

हे चित्र निरागस आहे असे मात्र आम्ही म्हणणार नाही. टिपूच्या पाडावानंतर, १७९९ साली, इंग्रजांनीच वाडियारांना गादीवर बसवले होते. राणीच्या दंडामागे राज्यकर्त्यांचे हित उभे होते. तरीही त्या आविर्भावात एक मोठेपण आहे. ती उपदेश करीत नाही. "मी हे केले," एवढेच तिचा हात सांगतो. पडद्याआड राहणाऱ्या स्त्रीने दंड दाखवणे म्हणजे आपली प्रतिष्ठा पणाला लावणे होय. २०२१ साली कोविडची लस घेताना बाही सरकवून छायाचित्र काढणाऱ्या असंख्यांनी, बहुधा नकळत, तिचीच मुद्रा पुन्हा धारण केली.

त्याच काळात ब्राझीलमध्ये गिलरेच्या शिंगालाही उत्तर मिळाले. तिथले तत्कालीन राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो यांनी डिसेंबर २०२० मध्ये, लस घेऊन कोणी मगर झाला तर ती त्याची त्याने पाहावी, अशा अर्थाचे विधान केले. पुढे लोक मगरीचा वेश चढवून लसीच्या रांगेत उभे राहिले. प्रदर्शनात मांडावी अशी ती कला नव्हे. पण भीतीचा मुखवटा स्वतः घालून तो हास्यास्पद करण्याची ही रीत शंभर घोषणांहून परिणामकारक ठरावी.

आमच्या मराठीनेही या रोगाचे चित्र केव्हाच रेखले होते. आपण रोगालाच 'देवी' म्हटले, आणि लस देण्याला 'देवी काढणे'. भय आणि भक्ती ज्या शब्दात एकवटली आहे, त्याच शब्दाने उपचारालाही घरात घेतले. भारतातून हा रोग १९७५ साली हटला आणि १९८० साली जगातून त्याचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. वडीलधाऱ्यांच्या दंडावरचे वण मात्र अजून दिसतात.

पण एक चित्र राहून गेले आहे. गिलरेचे व्यंगचित्र लंडनमध्ये निघाल्यावर दोनच दिवसांनी, १४ जून १८०२ रोजी, मुंबईत तीन वर्षांच्या अ‍ॅना डस्टहॉलला लस टोचण्यात आली. भारतात यशस्वीपणे लस दिलेली ती पहिली व्यक्ती. तिच्या दंडावरच्या फोडातील द्रव पाच मुलांना दिला गेला आणि तिथून लस इतर शहरांत गेली. शीतपेटी नसलेल्या त्या काळी लस जिवंत राही ती एका दंडावरून दुसऱ्या दंडावर, आणि हे दंड बहुतेक करून लेकरांचे असत. त्यांची संमती कोणी विचारली नसावी. गिलरेची गाय जगभर छापली गेली, राणी तैलरंगात उतरली. अ‍ॅनाचे उरले ते नोंदीतले नाव.

लसीविषयीच्या कलेकडून आमची अपेक्षा म्हणूनच दुहेरी आहे. शंकेखोराला तिने मूर्ख ठरवू नये, कारण हिणवलेला माणूस दार लावून घेतो. आणि विजयाच्या भित्तिचित्रांत तिने त्या मुलांना जागा द्यावी, ज्यांच्या दंडांवरून हे संरक्षण आपल्यापर्यंत चालत आले. वसईत वा मुंबईत कुंचला हाती धरणाऱ्या आमच्या तरुण मंडळींपैकी कोणी त्या तीन वर्षांच्या मुलीचे चित्र काढील, तर ते आम्ही आनंदाने पाहू.