मुक्कामाची गाडी आणि भयपटातला काळ

स्मरणरंजनपर किशोर-भयपट म्हणजे प्रेक्षकांच्या एखाद्या पिढीचे शाळकरी वय पुन्हा उभे करून त्यातच भय पेरणारा चित्रपट. १९८३ मध्ये सुरू होणारी ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ (२०१६) ही मालिका आणि मूळ कादंबरीतील १९५७-५८ चे बालपण १९८८-८९ मध्ये आणून ठेवणारा ‘इट’ (२०१७) यांमुळे हा प्रकार जगभर लोकप्रिय झाला. मराठीत त्याचे दोन्ही घटक आहेत, परंतु त्यांची गाठ अजून पडलेली नाही. आणीबाणीच्या काळातील ‘शाळा’ आणि ऐंशीच्या दशकातील ‘बालक-पालक’ (२०१३) यांनी पौगंडावस्थेचे स्मरणरंजन केले, तर ‘झपाटलेला’ (१९९३), ‘लपाछपी’ आणि ‘झोंबिवली’ (२०२२) यांनी भय हाताळले. त्यातही ‘झोंबिवली’चे गाव ठाणे जिल्ह्यातले, पण काळ आजचा.

काळाची अचूकता दोन प्रकारची असते. एक सजावटीची, म्हणजे कॅलेंडर, रेडिओ, बेलबॉटम. दुसरी कार्यकारणाची, म्हणजे त्या काळी काय करता येत होते आणि काय येत नव्हते याची. ‘बालक-पालक’मधील भाड्याचा व्हीसीआर दुसऱ्या प्रकारात मोडतो, कारण तो काढून घेतला तर कथाच उरत नाही. भयपटात ही दुसरी अचूकता अधिक मोलाची ठरते, कारण या चित्रप्रकाराचे संकेत, म्हणजे प्रेक्षकाने आधीच मान्य केलेले नियम, एकटेपणावर उभे असतात: तार तुटलेला फोन, सुरू न होणारी मोटार, गेलेले दिवे. मोबाइल आल्यापासून ‘रेंज नाही’ हे सांगण्यातच पटकथेचा एक प्रसंग खर्ची पडतो. त्यामुळे ऐंशीच्या दशकाकडे वळण्यामागे त्या काळाच्या प्रेमाइतकीच लेखकाची सोयही असते, हे मान्य करायला हरकत नसावी.

त्याच ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत ही सोय तितकीशी सरळ चालत नाही. शहापुरातून वासिंद, आसनगाव, खर्डी, कसारा अशी लोकलची वाट जाते. मुरबाडला रेल्वे नाही. तानसा धरण १८९२ पासून मुंबईला पाणी देते, आणि त्याच शहापूर तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. अशा ठिकाणी अंधार किंवा नसलेली रेंज ही एखाद्या दशकाची खूण ठरत नाही, कारण माळशेजच्या पायथ्याला किंवा माहुलीच्या आडोशाला ती आजही भेटू शकते. काळाची खरी खूण शोधायची तर ती मुक्कामाच्या एसटीत सापडेल. संध्याकाळी गावात येऊन रात्रभर तिथेच थांबणारी आणि पहाटे सुटणारी ही गाडी बिघडलेल्या मोटारीचा संकेत निकामी करते: गाडी धडधाकट उभी आहे, चालक-वाहकही गावातच आहेत, तरी वेळापत्रकाप्रमाणे पहाटेपर्यंत ती हलणार नाही. या अवस्थेतील भय मराठी पडद्याने अजून वापरलेले नाही. (पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला, तेव्हा नव्वदच्या दशकातील मोखाड्याच्या पाटीवर ‘जि. ठाणे’ असेच हवे. ही चूक मात्र निव्वळ सजावटीची.)

किशोरवयीन भूत तर महाराष्ट्राच्या लोकसमजुतीत पूर्वीपासून आहे. मुंज झाल्यावर सोडमुंजीआधी मेलेला मुलगा पिंपळावर राहतो, अशी मुंज्याची कल्पना. वयात येण्याच्या उंबरठ्यावर अडकलेले हे मन आदित्य सरपोतदार यांच्या ‘मुंज्या’ (२०२४) या हिंदी चित्रपटाने नेमके ओळखले. तरीही १९५२ चा काळ तिथे प्रस्तावनेपुरताच येतो आणि पुढे संगणकनिर्मित प्राण्याची धावपळ त्याची जागा घेते. १९१८ ते १९४७ असा पट असलेल्या ‘तुंबाड’ने (२०१८) काळाला लोभाबरोबर पुढे सरकू दिले, मात्र तो किशोरांचा चित्रपट नव्हे.

भगत, म्हणजे अंगात आणणारा व उतारा करणारा गावचा मांत्रिक, हे ठरीव पात्रही काळाच्या कसोटीवर तपासण्याजोगे आहे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप चावलेल्याला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरवला. म्हणून तोच प्रसंग १९९५ मध्ये आणि २०१५ मध्ये घडवला, तर गावकऱ्यांचे मौन दोन वेगळ्या अर्थांचे होते. आदिवासी पाडा म्हणजे अघोरीपणाचे घर हा आळशी संकेत अशा तपशिलाने आपोआप सैल पडेल.

याहून मोठी उलथापालथ आश्रमशाळेत, म्हणजे आदिवासी मुलांच्या निवासी शाळेत, शक्य आहे. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ (१९८०) पासून रानातला तळ हे तरुणांच्या भयाचे हुकमी स्थळ ठरले, कारण तिथे येणारे बाहेरचे असतात आणि रान अनोळखी असते. ठाकर किंवा कातकरी मुलाला मात्र रान पाठ असते. अनोळखी असते ते वसतिगृह, तिथल्या घंटा आणि हजेरीपटावरचे आपले नाव. आश्रमशाळेतला असा भयपट लिहिणाऱ्याला मुंबईहून माळशेजकडे निघालेल्या मोटारीची गरज पडणार नाही. आजवरच्या पटकथा बहुधा त्याच मोटारीपासून सुरू होतात.